टेस्ट बार पास, माल फेल

फौंड्रीत नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. ओतलेल्या मालाला चिकटून आलेले नको असलेले तुकडे आम्ही तोडून कोपऱ्यात टाकतो आणि ढीग झाला की पुन्हा भट्टीत घालतो. किश्शांचंही तसंच. तळेगावच्या आमच्या फौंड्रीत चहाच्या वेळी तेच तेच किस्से पुन्हा वितळतात आणि नव्या साच्यात ओतले जातात. अडचण एवढीच, की त्यातल्या निम्म्या किश्शांत गाढव मी असतो.

मी तिथला क्वालिटीचा इंजिनियर. बिडाचे आणि अॅल्युमिनियमचे पार्ट आणखी मजबूत कसे होतील, हे बघणं माझं काम. आणि बहुतेक किश्शांत माझ्याबरोबर असतात ते बबनभाऊ. भाजे गावचे. भट्टीवरचे हेड. सव्वीस वर्षं त्यांनी भट्टी सांभाळली. गावातसुद्धा त्यांना 'भट्टीवाले बबनभाऊ' म्हणूनच ओळखतात.

ती भट्टी त्यांच्या हातून माझ्यामुळे गेली. ते सांगायला अजून जीभ रेटत नाही, म्हणून आधी हसण्यासारखं सांगतो.

*

साधं बीड ठिसूळ असतं. वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं की ते चिवट होतं, हातोडा बसला तर फुटायच्या ऐवजी वाकतं. पण मॅग्नेशियमचा असर टिकतो जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात सगळे साचे भरायचे, नाहीतर केलंसवरलं पाण्यात.

एकदा एका गिऱ्हाईक कंपनीचे चार साहेब बघायला आले. भाऊंनी लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या त्या मोठ्या बादलीत, मॅग्नेशियम घातलं. पांढराशुभ्र उजेड झाला. पाहुणे खूश. मला चेव आला. मी भाऊंना म्हणालो, "थांबा जरा," आणि फळ्यावर आलेख काढून सांगायला लागलो, की वेळ जाईल तसं मॅग्नेशियम कसं उडून जातं, कितव्या मिनिटाला किती उरतं. पाहुण्यांनी प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. भाऊ लेडलच्या चाकावर हात ठेवून उभे. दोनदा "साहेब" म्हणाले. मी म्हणालो, "भाऊ, महत्त्वाचं चाललंय."

शेवटी खडू ठेवला आणि म्हणालो, "हं, आता ओता."

भाऊ म्हणाले, "आता काय ओतू? तुमी सांगत व्हता ते समदं हितंच झालं की."

अख्खी लेडल परत भट्टीत गेली. पाहुण्यांपैकी एकजण जाताना म्हणाला, प्रात्यक्षिक फारच छान होतं!

*

भाऊ तयार मालावर छोटी हातोडी मारून आवाज ऐकायचे. चांगला पार्ट घंटेसारखा खणखणतो, बिघडलेला बद्द वाजतो. एकदा त्यांनी शंभरातले सात बाजूला काढले. मी सातही कापून मायक्रोस्कोपखाली घातले. सातही खराब निघाले.

मला वाटलं, यात काय आहे, कान तर मलाही आहेत. पण सगळ्यांसमोर शिकायची लाज वाटली, म्हणून सराव घरी केला. स्वयंपाकघरात बिडाचा तवा होता, सासूबाईंनी बायकोला लग्नात दिलेला. रविवारी सकाळी हातोडी घेऊन बसलो. पहिल्या दोन टोल्यांत नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिसरा जरा जोरात हाणला. तव्याचे दोन तुकडे झाले. त्यात मॅग्नेशियम नव्हतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आईनं यावर तीस वर्षं घावन घातले. घरात एक इंजिनियर आला, संपलं."

*

अॅल्युमिनियमचा वैरी म्हणजे ओल. वितळवायला आणलेली धातूची वीट जरा दमट असताना भट्टीत गेली की आतून बुडबुडे धरतात आणि पार्ट जाळीदार होतो. मावळातला पाऊस सांगायला नको. जुलैत आमचा रिजेक्शनचा ढीग छताकडे निघाला. मी वितळलेल्या धातूत नायट्रोजन सोडून तो साफ करायची पद्धत बसवली. तरी बुडबुडे. मग ठरवलं, की चूक माणसांचीच. अॅल्युमिनियमच्या विटा वाळत ठेवतो तिथं चहा प्यायला बंदी केली. पाटी लावली. दोघांना मेमो दिले.

आठवड्यानं भाऊ मला हाताला धरून तिथं घेऊन गेले. भट्टीजवळ उबेला रचलेल्या विटांवर, बरोबर मधोमध, खुंटीला एक रेनकोट टांगलेला होता. रोज सकाळी त्याचं पाणी टपटप विटांवर पडत होतं. रेनकोट माझा होता.

"इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"साहेबाचा कोट हाय," भाऊ म्हणाले. "वाटलं, ह्यी पन काय नवी पद्धत आसंल."

मेमो मी परत घेतले. माफी मात्र मागितली नाही. पाटी काढायला रात्रपाळीचा माणूस पाठवला, म्हणजे मला कुणी बघणार नाही.

*

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टीची, हातोड्यांची, सगळ्या यंत्रांची पूजा होते. पोरांनी माझ्या मायक्रोस्कोपलाही हळदकुंकू वाहिलं. चार दिवसांनी मला एका नमुन्यात लाल कण दिसले. पुस्तकं चाळली, कुठे सापडेनात. 'अनोळखी लाल कण, ताकदीवर परिणाम संभवतो' असा दोन पानी रिपोर्ट मालकांना दिला.

भाऊंनी नमुना बोटानं पुसला आणि बोट मला दाखवलं.

*

आता टेस्ट बार. प्रत्येक लेडलबरोबर आम्ही एक कांडी ओततो. ती मशिनवर ओढून तोडायची, किती जोराला तुटते ते लिहायचं, आणि त्यावरून सगळ्या मालाचं सर्टिफिकेट द्यायचं. नियम असा, की कांडी सगळ्यात शेवटी ओतायची. शेवटच्या धातूत मॅग्नेशियम सगळ्यात कमी उरलेलं असतं. तो पास झाला तर बाकीचा माल पास आहेच.

आमचे बार काठावर यायला लागले होते. वरून रोज विचारणा. मी एक सोपी सुधारणा केली. बार सगळ्यात आधी ओतायला सांगितला, ताज्या धातूचा. दुसऱ्याच दिवसापासून आकडे वर गेले. महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून माझा फोटो गेटवर लागला.

भाऊ तेव्हा म्हणाले होते, "साहेब, दाखवायची धाकटी आन् बोहल्यावर उभी करायची थोरली, आसं झालं की ह्ये."

मी हसून म्हणालो, "लग्न जमल्याशी मतलब, भाऊ."

हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

*

पुढच्याच हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावायचे आमचे हुक मोडून परत आले. एके ठिकाणी भरली ट्रॉली चढावर सुटली. नशिबानं मागे कुणी नव्हतं. मी हुक कापून पाहिले. लेडलच्या शेवटच्या साच्यांतले होते, मॅग्नेशियम उडून गेलेले. बार जर शेवटी ओतला असता तर तो फेल झाला असता आणि हुक गेटबाहेर पडले नसते. हे मला दोन मिनिटांत कळलं.

मीटिंगमध्ये मालकांनी माझं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. "टेस्ट बार पास आहे. मग माल फुटला कसा?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की बार आम्ही आधी ओततो आणि ते माझ्या सांगण्यावरून. मी म्हणालो, "ओतायला उशीर झाला असेल."

यात खोटं काही नव्हतं. तेच जास्त लागतं. सगळ्यांनी बबनभाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाला आसंल."

दुसऱ्या दिवसापासून भाऊ ग्राइंडिंगला. तोंडाला फडकं बांधून दिवसभर मालाच्या कडा घासायच्या. सव्वीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. मी बार पुन्हा शेवटी ओतायला सुरुवात केली, कुणाला काही न सांगता. ग्राइंडिंगकडून जायचा रस्ताही बदलला. दोन वर्षं मी लांबून वळसा घालून कँटीनला जात होतो.

*

मागच्या महिन्यात भाऊ रिटायर झाले. नारळ आणि शाल द्यायला मलाच उभं केलं. त्या रविवारी मी गाडी काढली आणि भाज्याला गेलो. मळवलीपासून पुढे फिरायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग होती. रांगेत बसून मी वाक्यं घोकत होतो: भाऊ, तुमची भट्टी मी घालवली. मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. उद्या मालकांना लेखी देणार आहे.

भाऊ ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. मला बघून अर्धवट उठले. आतून वहिनी आल्या, पदराला हात पुसत.

"ह्येच का ते साहेब?" त्यांनी विचारलं.

"व्हय," भाऊ म्हणाले. "ह्येच."

"बसा की साहेब. ह्यांनी समदं सांगितलंया. त्या मीटिंगीत मालक ह्यांना घरी बसवायलाच निघालं व्हतं. तुमी एकलं ह्यांच्या बाजूनं उभं ऱ्हायला, म्हनून नोकरी ऱ्हायली. धाकटीचं शिक्षान पार पडलं ते तुमच्यामुळं. कवाधरनं मी म्हनत व्हते, साहेबास्नी एकदा जेवायला आना."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ शेंगा सोलत होते.

वहिनींनी ताट आणलं. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, कांदा. मी म्हणालो, "वहिनी, त्या मीटिंगमध्ये मी..."

"जेवा साहेब," भाऊ मान वर न करता म्हणाले. "भाकरी गार व्हईल."

मी जेवलो. वहिनींनी दुसरी भाकरी वाढली. मी नको म्हणालो नाही.