चॅपेलच्या मागच्या बाकांवर

"अगं, माझा एक मोजा कुठं गेला?"

"दुसऱ्याला विचारा, दोघं जोडीनंच असतात," टीचर शाळेच्या कपड्यांवरून इस्त्री फिरवत म्हणाल्या. नवरा हसला, तेवढ्यात दार धडधडलं.

दारात त्यांच्या वर्गातली दहावीची पोर. अनवाणी, ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला.

"टीचर, बाबा मागून येतायत."

हे कुठून आलं ते टीचरना त्या क्षणीच उमगलं.

कॅथलिक शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांचं रिट्रीट, म्हणजे आत्मचिंतनाचा दिवस, वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असे. दिवसभर मौन, आणि संध्याकाळी शाळेच्या प्रार्थनाघरात, चॅपेलमध्ये, मेणबत्त्यांच्या उजेडात एकेकानं उठून सांगायचं: मी कोण, देवानं मला कशासाठी घडवलं. अबोल मुलंसुद्धा तिथं मोकळी होत. यंदा टीचरना वाटलं, आईबापांनीही हे ऐकावं. मुलांना न सांगता त्यांनी पालकांना मागच्या अंधाऱ्या बाकांवर बसवलं. काल संध्याकाळी ही पोर उठून म्हणाली, "मला नर्स व्हायचंय. बाबा मारतात तेव्हा आईच्या जखमा मीच बांधते." शेवटच्या बाकावर बसून गॅरेजवाला बाप ऐकत होता.

आता तो अंगणात होता, हातात लोखंडी पाना.

"ओ टीचरबाई! आमच्या घरची धुणी देवासमोर धुता होय?"

टीचरनी पोरीला आत ओढून दार लोटलं. पान्याच्या पहिल्याच घावात दाराची काच घरभर उडाली. एका पायात मोजा घातलेला नवरा आडवा गेला, तर बापानं त्याला चपलांच्या मांडणीवर आपटलं. टीचरनी हात वर धरला. पाना बसला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. बापानं पोरीची वेणी हाताला गुंडाळली, तिला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं आणि तिचं डोकं चौकटीवर आदळलं. रक्त तिच्या भुवईवरून गळ्यात उतरलं.

"बोल! बोल आता, कोण आहेस तू?"

टीचरनी धड असलेल्या हातानं इस्त्री उचलली आणि त्याच्या मनगटावर दाबून धरली. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडला, वेणी सुटली. मग शेजारी धावले, चौघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबून धरलं, पोलीस येईपर्यंत.

दुपारी इस्पितळात टीचरच्या हाताला प्लास्टर चढलं. पलीकडच्या खोलीत पोरीला टाके घालत होते, आई तिच्याजवळ होती. प्रिन्सिपल सिस्टर आल्या, खुर्ची ओढून बसल्या.

"इस्त्री, टीचर? आजवर तुम्ही मुलांना साधी छडी लावली नाहीत."

"हातात तीच होती, सिस्टर." टीचरना हसू आलं नाही. "दार मीच उघडून दिलं त्याला. काल, चॅपेलचं."

सिस्टर म्हणाल्या, "तिची आई म्हणते, मावशीकडे पाठवू. मी म्हणते, आमच्या वसतिगृहात ठेवू. परीक्षाही होईल. आणि सोमवारी प्रार्थनेच्या वेळी तिनं सगळ्या शाळेसमोर दोन शब्द बोलावेत. केवढी धीराची पोर! मुलांना दिशा मिळेल."

"सिस्टर, माझं एक ऐका."

"बोला ना."

"तिला काय हवंय ते तिला एकटीला, दार लावून विचारा. आणि ती जे सांगेल, ते मलाही सांगू नका."