मागची तारीख

पाटोद्याच्या बाजारात सिद्धाराम कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. शेजारी मी, जुना टाइपरायटर घेऊन. गिऱ्हाइकांच्या फ्लॉप्यांतून व्हायरस येतो म्हणून २००१ साली त्यानं अँटिव्हायरस टाकला, तोही तीस दिवस फुकटवाला. दिवस संपत आले की हा कॉम्प्युटरची तारीख महिनाभर मागं न्यायचा. "फुकट चालतंय तर लायसन्स कावून घ्यायचं बे?" म्हणायचा. अर्जावर तारीख आपोआप पडायची, ती तो आठवणीनं बदलायचा.

उज्माबीच्या वेळी विसरला. तिचा मेकॅनिक नवरा जॅक निसटून ट्रकखाली मेला, म्हणून तिनं तहसीलीत द्यायला मदतीचा अर्ज टाइप करून घेतला होता. दोन महिन्यांनी अर्ज परत आला. त्यावर तारीख होती नवरा मरायच्या वीस दिवस आधीची. "आधीच ठरवलं होतं का?" असं तिथल्या कारकुनानं तिला चारचौघांत विचारलं. नव्यानं अर्ज करायची मुदतही टळली होती.

"ही तारीख कशी पडली, भाऊ?"

"तुमी सांगितली तीच टाकली, भाभी," सिद्धाराम म्हणाला.

निरक्षर बाई, तिनं मान डोलावली. त्याच आठवड्यात त्यानं लायसन्स विकत घेतलं.

उज्माबी अजून लोकांना सांगते, "तारीख मीच चुकीची सांगितली." मी शेजारीच बसलो होतो.