सासऱ्यांसाठी कुत्रा

महामारीच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांनी खिडकीच्या काचेआडून मला सांगितलं, "मला कुत्रा हवाय. आणि तो बघायला तू माझ्याबरोबर यायचंस."

भाजीची पिशवी पायरीवर ठेवून मी दोन पावलं मागे सरले होते. लॉकडाऊन लागल्यापासून त्यांच्या घरी माझं जाणं एवढंच होतं. मला वाटलं, काचेमुळे नीट ऐकू आलं नसेल.

"मी?"

"तूच. तो येऊ शकत नाही."

तो म्हणजे माझा नवरा. तो डच आहे आणि रॉटरडॅममधल्या एका हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. त्या काळात तो शेजारच्या कापेल गावातल्या आमच्या घरात माळ्यावर वेगळा झोपायचा आणि ताट जिन्यावरून उचलून न्यायचा. वडिलांच्या जवळपासही तो फिरकत नसे. सासरे वसंतातच करोनातून उठले होते. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा पँट कमरेवर टिकत नव्हती, आणि दारापासून फाटकापर्यंत चालायलाही मध्ये थांबावं लागत होतं. ते हॉस्पिटलात असतानाच त्यांचा म्हातारा लॅब्रॅडोर शेजाऱ्यांकडे मेला. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घरात आता कोणीच नव्हतं.

मी कॉम्प्युटरवाली, घरातूनच काम करणारी, कोणाला न भेटणारी. म्हणजे त्यांच्या दृष्टीने सगळ्यांत सुरक्षित माणूस मीच होते. मला कुत्र्यांची किती भीती वाटते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. नागपुरात शाळेत असताना कॉलनीतल्या मोकाट कुत्र्याने माझी पोटरी धरली होती. लोकांनी काठ्या घालेपर्यंत त्याने ती सोडली नाही. मग पोटातली इंजेक्शनं. ती वेदना मी विसरले, पण त्या कुत्र्याचं गुरगुरणं माझ्या हाडातून वर आलं होतं, ते नाही विसरले. आणि पुढे राहायला आले ती अशा देशात, जिथे कुत्री ट्रॅममध्ये, दुकानात, हॉटेलात टेबलाखाली बसतात. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले की मालक हसून म्हणतात, "काही करत नाही तो." सगळ्यांचं हेच एक वाक्य.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कुत्रा कशाला हवाय त्यांना एवढ्या आजारपणात?"

"शिकारीला. बदकं मारतात ना ते. पाण्यात पडलेलं बदक आणून द्यायला."

आमच्या घरी रोज बुद्धवंदना व्हायची, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. कोंबडी मात्र दर रविवारी शिजायची. बहुधा तेच आठवून तिने शिकारीचा विषय सोडून दिला. एवढंच म्हणाली, "तू लांब उभी राहा, बाई. कुत्र्यापासूनही आणि त्यांच्यापासूनही."

तसंच ठरवून मी निघाले. सासरे मागच्या सीटवर तिरके बसले. दोघांच्या तोंडाला मास्क, गाडीच्या चारही काचा खाली, वाऱ्यामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. मी त्यांना अहोजाहो करते. डचमध्येही तसं बोलता येतं, पण घरात कोणी बोलत नाही. लग्नानंतर त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. ते मोजकं बोलणारे, ताठ. त्यांच्यासमोर माझं डच नेहमी अडखळायचं.

त्या दिवशी मात्र ते बोलत होते. रिट्रीव्हर म्हणजे पडलेला पक्षी शोधून तोंडात अलगद धरून आणणारा कुत्रा. पिसाला दात लागता कामा नये. याला शिकारी लोक मऊ तोंड म्हणतात. गोल्डन देखणा आणि स्वभावाने गोड, पण अंगावरच्या लांब केसांत पाणथळ जमिनीचा सगळा चिखल घरी येतो. लॅब्रॅडोरचे केस आखूड, पाणी झटकलं की झालं. चेसापीक सगळ्यांत दणकट, थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा उतरणारा, मात्र आपल्या मालकाशिवाय कोणाला फारसा जुमानत नाही. त्यांना हवा होता चेसापीक. तरुणपणापासून हवा होता.

पहिलं शेत चेसापीकवाल्याचंच होतं. मी गाडीतच थांबणार होते, पण सासऱ्यांना उतरताना आधार लागला. त्यांना हात द्यायचा की नाही या विचारात मी दार उघडून उभी राहिले, तेवढ्यात तो आला. तपकिरी, कुरळ्या पाठीचा, पिवळ्या डोळ्यांचा. भुंकला नाही. सरळ चालत आला आणि माझ्या पोटाला नाक लावून उभा राहिला. मी गाडीच्या दाराला चिकटले. मास्कच्या आत श्वास पुरेना. मालक लांबूनच ओरडला, "काही करत नाही तो!" मला रडू फुटलं. मोठ्या बाईने परक्या माणसाच्या अंगणात रडू नये तशी मी रडले, हात वर धरून, कुत्र्याला लागू नयेत म्हणून.

सासऱ्यांनी त्याला हाक मारून बाजूला घेतलं. मालकाशी दोन शब्द बोलले आणि परत गाडीत बसले.

"बघितला नाहीत नीट," मी म्हटलं.

"बघितला. हा नको."

"माझ्यामुळे नको म्हणू नका."

मग ते जे बोलले ते इथली माणसं बोलतात तसंच बोलले, हवापाण्याविषयी बोलावं तसं. "तुझ्यामुळेच नको. माझी फुप्फुसं कशी आहेत ते मला माहीत आहे. मी गेलो तर कुत्रा तुमच्याकडे येणार. मुलगा दिवसभर हॉस्पिटलात. म्हणजे कुत्रा तुझ्याजवळ. तुला चालेल असाच घ्यायला हवा. म्हणून तुला आणलंय."

मी गाडी सुरू करू शकले नाही. मला कुत्र्याची भीती वाटत होती, त्यांच्या मरणाची वाटत होती, आणि या दोन्ही गोष्टी त्यांनी अशा एकत्र बांधून माझ्या हाती दिल्या होत्या. घरी गेल्यावर मी जिन्याच्या खालून नवऱ्याला सांगितलं. तो वरून म्हणाला, "नको म्हणून सांग त्यांना." पण ते मला सांगता आलं नाही.

पुढचे काही शनिवार आम्ही फिरलो. गोल्डनची पिल्लं मिळेनात. घरात अडकलेल्या सगळ्यांनाच त्या वर्षी पिल्लू हवं होतं. एका ब्रीडर बाईने फाटकावरूनच सांगितलं की पुढच्या वर्षीचीही सगळी ठरलेली आहेत. शेवटी एका निवृत्त शिकाऱ्याकडे पूर्ण वाढलेली काळी लॅब्रॅडोर कुत्री मिळाली. त्याला फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं. कुत्री शिकवून तयार केलेली. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात आडवी पडली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली टेकवली. ती उठून माझ्याकडे आली नाही, एवढ्यासाठीच मी हो म्हटलं. सासऱ्यांनी विचारलं, "नक्की?" मी पुन्हा हो म्हटलं आणि येताना सगळा रस्ता तिचा श्वास मानेमागे ऐकत, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सासरे म्हणाले, एकदा तरी शिकारीला जाऊन येऊ. एकट्याने जायची ताकद नव्हती, आणि बरोबर जाण्यासारखी मीच. पोल्डर म्हणजे पाण्याच्या पातळीखालची सपाट जमीन, चरांनी कापलेली. सकाळी धुकं होतं. आम्ही एका रुंद चराच्या काठी लव्हाळ्यांत बसलो, एकमेकांपासून लांब. बंदूक वाजली तेव्हा मी कान झाकले होते तरी छातीत आवाज बसला. एक बदक पाण्यात पडलं. कुत्री इशाऱ्याची वाट बघत थरथरत होती. सासऱ्यांनी हात पुढे करताच तिने उडी घेतली.

ती बदकापर्यंत पोचली, तोंडात धरलं, वळली, आणि पुढे सरकेचना. पाय मारत होती पण जागच्या जागी. मग तिचं मागचं अंग खाली गेलं. बदक तोंडातून सुटलं. तिने असा आवाज काढला, जो मी कुत्र्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"जाळं," सासरे म्हणाले. "कोणीतरी मासे पकडायचं जाळं टाकून दिलंय खाली."

त्यांनी बंदूक मधोमध उघडून काडतूस काढलं, ती गवतावर ठेवली आणि बूट काढायला खाली बसले. तेवढ्यानेच त्यांना धाप लागली. वाकलेले ते, शिट्टीसारखा वाजणारा त्यांचा श्वास, आणि ते थंड पाणी, हे सगळं मला एकदम दिसलं.

"तुम्ही नाही!" मी ओरडले. मराठीत ओरडले, हे नंतर लक्षात आलं.

मला पोहता येत नाही. इथली लहान लहान मुलंही कपड्यांसकट पोहायला शिकतात, मी कधी शिकले नाही. सासऱ्यांनी कुत्रीची लांब दोरी माझ्या कमरेला बांधली. गाठ मारताना त्यांचे हात माझ्या अंगाला लागत होते, त्यांचं तोंड माझ्या खांद्याशी होतं. मी श्वास धरून ठेवला. तशा अवस्थेतही मला वाटत होतं, मी त्यांच्यावर श्वास सोडता कामा नये.

पाणी छातीपर्यंत आलं. खालचा चिखल पाय धरून ठेवत होता आणि एकेक पाय उपसून पुढे टाकावा लागत होता. थंडीने ओरडताही येईना. मागून सासरे सांगत होते, "हळू. दोरी माझ्या हातात आहे. मानेला धर तिला, मानेला." मी तिला धरलं नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले आणि मला पुढे जाताच येईना. तिचे डोळे पांढरे झाले होते. तिचे दात दिसत होते.

मग तिचं नाक पाण्याखाली गेलं, आणि मी हात घातला.

तिने माझा हात धरला. मनगटाच्या वर, पूर्ण जबड्यात. मी किंचाळले असणार. पण दुसरा हात आपोआप तिच्या पोटाखाली गेला, मागच्या पायाला गुंडाळलेली नायलॉनची दोरी लागली, ती मी ओढली, फिरवली, पुन्हा ओढली. कधी सुटली ते कळलं नाही. एकदम ती हलकी झाली, माझा हात सोडून काठाकडे पोहत गेली. मला सासऱ्यांनी ओढलं. काठावर आले तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरून मला वर घेतलं आणि आम्ही दोघं गवतात पडून राहिलो, मास्क नाही, अंतर नाही, एकमेकांच्या तोंडावर धापा टाकत.

रेनकोटची बाही फाटली होती. आत दोन जागी रक्त आलं होतं, बाकी सगळं निळं. सासऱ्यांनी बराच वेळ ते पाहिलं. कुत्री लांब बसून अंग चाटत होती.

"उद्या परत देऊन येतो तिला," ते म्हणाले.

"नको."

"चावली ती तुला."

"बुडत होती ती." माझे दात वाजत होते. "मला अजूनही तिची भीती वाटते. पण परत नका देऊ."

हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि या देशात पाळीव कुत्र्यांना रेबीज नसतो, काळजी करू नका, असं सांगितलं. माझी काळजी वेगळीच होती. त्या गवतात मी सासऱ्यांच्या तोंडावर श्वास सोडला होता, आणि माझा नवरा रोज करोनाच्या वॉर्डातून घरी येत होता. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला. त्यानंतर मी रोज सकाळी डोळे उघडताच सासऱ्यांना फोन करायची आणि पहिल्या शब्दातच खोकला आहे का ते ऐकायची. एकदा खोकला ऐकू आलाच. मी फोन हातात धरून बाथरूमच्या जमिनीवर बसले. टेस्ट झाली. साधी सर्दी निघाली. सासरे फोनवर म्हणाले, "पाण्यात तू गेलीस आणि सर्दी मला झाली." त्यांना असा विनोद करताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं नाही, आईला फोन करून रडले मात्र.

त्यानंतर काही दिवसांतच पक्ष्यांचा फ्लू आला. बदकांची शिकार बंद झाली, मेलेल्या पक्ष्याला कोणी हात लावायचा नाही असे फलक पोल्डरच्या वाटांवर लागले. म्हणजे ज्यासाठी ती कुत्री आणली ते काम तिने एकदाच केलं, आणि तेही अर्धवट. पुढे सासऱ्यांना पुन्हा बंदूक उचलावीशी वाटली नाही. सकाळ-संध्याकाळ ते तिला बांधावर फिरवायला नेऊ लागले. आधी पहिल्या बाकापर्यंत, मग पुलापर्यंत. डॉक्टर जे व्यायाम सांगून थकले होते, ते असे झाले.

डिसेंबरात त्यांना फुप्फुसाच्या तपासणीला जायचं होतं आणि हॉस्पिटलात सोबत कोणाला सोडत नव्हते. कुत्रीपाशी मी थांबावं असं ठरलं. टॅक्सी गेल्यावर घरात आम्ही दोघीच राहिलो. ती माझ्याकडे बघत पुढच्या खोलीत उभी होती. मी स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं, चहा ठेवला. दारापलीकडे ती येऊन बसल्याचा आवाज आला, मग एक लांब श्वास. ओतताना चहा कपाबाहेर सांडला. थोड्या वेळाने मी दार बोटभर उघडलं. ती हलली नाही. मी आणखी थोडं उघडलं आणि उंबऱ्याच्या अलीकडे, जमिनीवर, कप घेऊन बसले.