अजून थोडं चालेल

लोक तिला पायमावशी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिला त्याचा रागही नव्हता. बाजाराच्या मागच्या गल्लीत बहिणीचं केस कापायचं दुकान होतं, त्याच्या पाठीमागच्या खोलीत हिचा संसार मांडलेला: दोन उंच खुर्च्या, दोन टब, एक शेगडी, एक मोठी किटली आणि फळीवर ओळीने बरण्या. जाडं मीठ, लिंबाच्या वाळवलेल्या साली, मध, तिळाचं तेल. कोरफड खिडकीतल्या कुंडीतच वाढवलेली. बाटलीबंद क्रीम विकायला कुणी आलं, की ती त्याला दारातूनच वाटेला लावायची. "ज्या गोष्टीचं नाव मला वाचता येत नाही, ती मी कुणाच्या टाचेला का लावू?" असा तिचा रोखठोक सवाल.

कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भेगा पडून रक्त येणाऱ्या टाचा महिनाभरात लोण्यासारख्या व्हायच्या. दिवसभर काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या बायका हिच्या खुर्चीत बसल्या, की पाचव्या मिनिटाला घोरायला लागायच्या.

फक्त एक खोड होती. पाण्याला ती कधी हात लावून बघायची नाही. बघून उपयोगच नव्हता. ऐन उमेदीची पंधरा वर्षं तिने एका हॉटेलच्या धुलाईखान्यात उकळत्या पाण्यातून चादरी उपसल्या होत्या, तिथेच बोटं निबर होऊन गेली. शेगडीवरचं भांडं ती नुसत्या हाताने उतरवायची आणि बघणारेच हाय हाय करायचे. म्हणून तिने आपली रीत ठरवली होती. गिऱ्हाइकाने पाय टबात ठेवायचे, हिने किटलीने बारीक धार सोडत राहायचं आणि गिऱ्हाईक 'बास' म्हणालं, की थांबायचं. ज्याचा पाय, त्याचा अंदाज. दहा वर्षांत या रितीने दगा दिला नव्हता.

मग मास्तर यायला लागले.

मास्तर म्हणजे शिंपी. पंचाहत्तरीला टेकलेले, विधुर, मुलीकडे राहायचे आणि अजूनही रोज पायमशिनवर बसायचे. मुलगी विजेचं मशीन घेऊन देते म्हणून मागे लागली होती, तर म्हणाले, "त्याला काय अक्कल? पाय सांगतो तसं कापड चालतं." त्यांच्या टाचा पाहून पायमावशीनेच कपाळावर हात मारला होता. पण चार आठवड्यांत भेगा मिटल्या आणि मास्तर दर मंगळवारी दुपारी ठरल्या वेळी हजर व्हायला लागले. किटलीची धार सुरू झाली, की म्हणायचे, "अजून थोडं चालेल." हिला त्याचं भारी कौतुक. दुसऱ्या गिऱ्हाइकांना टोमणे मारायची, "तुम्ही कोमट पाण्यात उड्या मारता, आणि आमचे मास्तर बघा."

कसलं कौतुक आणि कसलं काय. बाईला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या मंगळवारी किटली नुकतीच खळखळून उकळली होती. मास्तर रंगात आले होते. एका नवरदेवाची पँट ऐन लग्नाच्या दिवशी कशी उसवली आणि त्याला उभ्या उभ्याच कसे टाके घालावे लागले, ते सांगत होते. ती हसत होती आणि धार सोडत होती. 'बास' काही येईना. किटली हलकी लागली तेव्हा तिने टबात पाहिलं. पाण्यावर वाफ होती. इतकी वाफ तिच्या टबावर कधीच नसायची.

"मास्तर, चटका नाही ना बसत?"

"छे गं. झकास ऊब आहे."

तिने उजवा पाय वर उचलला. पाऊल लालभडक झालं होतं आणि घोट्याखाली तिचा अंगठा टेकला, तिथली कातडी जागची सरकली. भिजलेला कागद सरकावा तशी. तिने वर पाहिलं तर मास्तर हसत होते. पँटची गोष्ट अजून संपली नव्हती.

त्या हसण्याचीच तिला जास्त भीती वाटली. माणूस ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर ती सावरली असती. पण पाय भाजलेला आणि चेहरा खुशीत, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

तिने दुसरा पायही बाहेर काढला, टब उलटा केला, गार पाणी भरलं आणि दोन्ही पाय त्यात धरून ठेवले. मग खाली बसूनच विचारलं, "मास्तर, खरं सांगा. पायाला काही कळतं का?"

मास्तरांनी पाण्यातल्या पावलांकडे पाहिलं.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही येईनात. साखर आहे ना मला. परवा संध्याकाळी मोजा काढला तर टाचेत टाचणी. सकाळपासून मशीन चालवत होतो."

"मग मला 'अजून चालेल' कशाला म्हणत होतात?"

"वाटायचं, आणखी थोडं गरम असेल तर कळेल."

वर्षभर हा माणूस स्वतःचे पाय शोधत होता आणि आपण त्याच्या पायांवर उकळतं पाणी ओतत होतो.

"मुलीला सांगू नकोस," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. "ती मशीन उचलून नेईल. तुझी कोरफड लाव, मध लाव, फडकं बांध. तुझ्या हाताला गुण आहे. आठ दिवसांत बरं होईल."

खोटं कशाला बोला, क्षणभर तिलाही तेच हवं होतं. कुंडी हाताशी होती. बरणी हाताशी होती. कुणाला कळलं नसतं. गल्लीत बोभाटा झाला, तर तिच्या खुर्चीत पुन्हा कोण बसणार होतं? पण पावलावर आता टपोरे फोड धरायला लागले होते. साखरवाल्याचं पाऊल चिघळलं तर काय होतं, ते तिने स्वतःच्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. आधी बोट गेलं होतं, मग पाऊल.

"माझ्या हाताला गुण नाही, मास्तर," ती म्हणाली. "माझ्या हातालाही काही कळत नाही. म्हणून तर हे झालं."

स्वच्छ ओलं फडकं सैल गुंडाळून, बहिणीच्या मदतीने तिने त्यांना गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. वाटेत मास्तर तिची मनगटं घट्ट धरून होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने फोड पाहिले, पट्टी केली आणि म्हणाली, "लवकर आणलंत. वरवरचं आहे, भरून येईल. कुणी ओतलं पाणी?"

"मी," पायमावशी म्हणाली.

डॉक्टरने मान डोलावली, जास्त काही विचारलं नाही. मग मास्तरांच्या पट्टीबाहेर राहिलेल्या बोटांकडे आणि तळव्यांकडे वळून एक जाडसर नायलॉनचा धागा हातात घेतला. "डोळे मिटा आजोबा. धागा लागला की 'हो' म्हणायचं."

मास्तरांनी डोळे गच्च मिटले, शाळेत उत्तर आठवणाऱ्या पोरासारखे. डॉक्टरने धागा अंगठ्याला टोचला. मास्तर गप्प. टाचेला टोचला. गप्प. मग डॉक्टरने हात मागे घेतला आणि नुसती उभी राहिली.

"हो," मास्तर म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "हो. इथेही."

कुणीही त्यांना हात लावला नव्हता. पायमावशीने तोंडावर पदर धरला. मास्तर सात वेळा 'हो' म्हणाले, दर वेळी जास्त खात्रीने, आणि शेवटी डोळे उघडून डॉक्टरकडे नाही तर तिच्याकडे वळले.

"आलं ना सगळं बरोबर?"

'हो' म्हणणं फार सोपं होतं. तिने स्टूल पुढे ओढलं, त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"नाही, मास्तर," ती म्हणाली. "एकदाही नाही."