आधी गाडी, मग मी

माझ्या धाकट्या जावेला तिच्या कारखान्यात सगळे बॉबिनबाई म्हणत. कपडे शिवायच्या त्या कारखान्यात बायका मशीनवर बसायच्या आणि मशीन बिघडलं की दुरुस्तीला पुरुष यायचे. हीसुद्धा शिवायलाच लागली होती, पण मेकॅनिकची वाट बघत हातावर हात ठेवून बसणं तिला जमेना. एक दिवस तिने स्वतःच मशीन उघडलं. पुढे ती दुरुस्ती खात्यात गेली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. तिच्या पर्समध्ये लांब चोचीची तेलाची बुधली कायम असे. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "धाकटीने माहेराहून काय आणलं, तर पेचकस." पण त्यांचं स्वतःचं मशीन अडलं की हाकही तिलाच मारायच्या.

माझे दीर छापखान्यात होते आणि त्यांना जुन्या गाड्यांचं वेड होतं. कुणीतरी टाकून दिलेली एक गाडी त्यांनी घेतली आणि आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये आणून उभी केली, कारण ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायचे. रविवार आला की दोघे भाऊ शेडमध्ये. जावेने गाडीच्या सीटना निळ्या जाड कापडाची कव्हरं शिवून दिली. रंग झाला, दारं नीट लागायला लागली, इंजिन एकदा सुरूही झालं. मग दीर आजारी पडले आणि गेले. गाडीवर ताडपत्री पडली ती पडलीच.

काही वर्षांनी माझे यजमान अंथरुणाला खिळले. तेव्हा जाऊ कारखान्यातून सुटली की थेट आमच्याकडे यायची. त्यांना कुशीवर वळवायचं काम तिचं. "दादा, घाई नाही," म्हणत ती त्यांना जरा इकडे, जरा तिकडे करायची आणि मग अलगद वळवायची. मी वळवलं की ते कण्हायचे, तिने वळवलं की नाही. ते शेवटपर्यंत तिची वाट बघायचे. या उपकाराची फेड कशी करायची, हे मला कधी कळलं नाही. ती आभार मानू द्यायची नाही. "ताई, चहा टाका," म्हणायची.

म्हणून ती जिन्यावरून पडली आणि तिचा गुडघा कायमचा दुखरा झाला, तेव्हा तिला माझ्याकडे आणायचं मी ठरवलं. तिच्या मुलाच्या दोन खोल्यांत त्याचंच कुटुंब कसंबसं मावत होतं. माझ्या घरात खाली फक्त स्वयंपाकघर आणि पुढची खोली. पण शेडला खिडकी पाडली, फरशी घातली, तर छान खोली झाली असती. गवंडी बघून गेला. पुतण्यालाही पटलं. आम्ही दोघं तिच्याकडे जाऊन बसलो.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गाडी?"

"आई, ती भंगारवाला ओढून नेईल," पुतण्या म्हणाला.

"मग मी इथेच बरी."

"तीन मजले चढणार आहेस? या पायाने?"

"उतरणारच नाही, म्हणजे चढायला नको. त्यांची गाडी भंगारात घालून त्या जागेवर मी पलंग टाकू? आधी गाडी, मग मी."

ती एकदा बोलली की बोलली. गाडी चालती होऊन चांगल्या हाती गेली, तर मात्र तिची हरकत नव्हती. सुदैवाने पुतण्याच्या ओळखीचा एक फोटोग्राफर जुन्या गाड्या फोटोसाठी भाड्याने आणायचा आणि त्याला स्वतःची गाडी हवी होती. त्याने ताडपत्री वर करून पाहिलं, निळ्या सीटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "इंजिन फिरलं तर आजच माझी. जाम असेल तर मला नको. उभी गाडी सांभाळायला माझ्याकडे जागा नाही." गवंडी हातातलं काम संपवून यायचा होता. तो येईपर्यंतची मुदत होती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने इंजिनच्या पुढच्या बोल्टला मोठा पाना लावला आणि लटकलाच त्याला. ढिम्म हललं नाही. "पिस्टन आत चिकटलेत, मावशी. वरून ठोकावं लागेल, नाहीतर सगळं उघडावं लागेल."

"ठोकायचं नाही," जाऊ म्हणाली. तिने स्पार्क प्लग काढायला लावले, पर्समधून बुधली काढली आणि प्लगच्या भोकांतून शिलाई मशीनचं तेल सोडायला लागली.

गॅरेजवाला हसला. "मावशी, हे तेल म्हणजे पाणी. खाली गळून जाईल आणि पिस्टनला पत्ताही लागणार नाही. डिझेल आणि गिअरबॉक्सचं तेल मिसळून देतो, ते भरा."

तिने बुधलीचं टोपण लावलं. "आधी नाही सांगायचं? अर्धी बुधली गेली माझी." तो गेल्यावर मला म्हणाली, "माणूस कामाचा आहे. फक्त हातोडीपासून लांब ठेवायला हवा."

मग आमचा रोजचा उद्योग सुरू झाला. पुतण्याने टायरमध्ये हवा भरून दिली होती. कामावर जाताना तो आईला हात धरून तीन मजले उतरवायचा आणि माझ्याकडे सोडायचा, संध्याकाळी तसाच वर न्यायचा. गाडीसाठी तेवढं ती सोसायची. ती भोकांत तेल घालायची आणि गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून पुढच्या सीटवर बसायची. गुडघ्यामुळे तिला जोर लावता येत नव्हता, म्हणून मागे मी. गिअर पडलेला असला की चाकं इंजिनला बांधलेली. इंजिन जाम, म्हणून गाडीही जाम. चाकांना असतो तेवढा ढिलेपणा, बस. क्लच दाबला की मात्र चाकं मोकळी.

"ताई, ढकलू नका. डोलवा."

"फरक काय त्यात?"

"पाळणा ढकलता का तुम्ही?"

"पाळण्यात पोर असतं. इथे तू बसली आहेस."

"मग जरा प्रेमाने."

शेजारीण गच्चीवरून बघायची. एकदा तिने विचारलं, "कुठवर पोचलात?" जावेने खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "अजून घाट लागायचाय."

पण गाडी हलत नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी पुतण्या मित्राची जीप आणि दोर घेऊन आला. "आई, हे डोलवणं पुरे झालं. गिअरमध्ये ठेवून एक हिसका देतो, सुटेल."

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती मुकाट्याने आत बसली. जीपने ओढलं, गाडी शेडबाहेर आली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पुतण्या उतरून म्हणाला, "चाकं तर फिरली. इंजिन सुटलं की काय?" त्याने पाना लावून पाहिला. इंजिन होतं तिथेच होतं. तो हिरमुसला आणि दोर गुंडाळून गेला.

जाऊ अजून आतच होती. मी दार उघडलं तर तिचा डावा पाय थरथरत होता. दुखरा गुडघा तोच. जाताना आणि येताना तिने क्लच एकदाही सोडला नव्हता.

"अगं, त्याला नाही म्हणायचं होतंस."

"त्याच्या बापाची गाडी आहे. हात लावू नको कसं म्हणू? ओढून झालं त्याचं. क्लच सोडला असता तर आतलं काहीतरी वाकलं असतं आणि जन्मभर त्याला टोचलं असतं." मग म्हणाली, "हात द्या, पाय उचलत नाहीये."

गवंड्याचा निरोप आला, सोमवारी येतो. पुतण्याने भंगारवाल्यालाही सांगून ठेवलं. मी तिला विचारलं, "नाहीच सुटलं तर?"

"तर गवंड्याला नको म्हणून सांगा."

"आणि मी इथे एकटी?"

ती तेलाचा हात पुसत बसली.

शनिवारी तिला यायला उशीर झाला. मी भांडी घासली, शेड उघडली आणि सवयीने गाडीमागे उभी राहिले. गिअर पडलेलाच होता. जरा पुढे, जरा मागे, जरा पुढे. आणि गाडी वीतभर सरकली. माझाच पाय घसरला असं वाटून मी खाली पाहिलं. पाय जागेवर होते. चाकाखालची धूळ पुसली गेली होती.

मी पुन्हा हात लावला नाही. स्टूल ओढून दारात बसले. ते चाक पुढे जायचं तर तिच्यासमोर जायला हवं होतं.

ती आली. "ताई, कामं टाकून अशा बसलात?"

"तू आत बस."

माझ्या तोंडाकडे बघून तिने पुढे काही विचारलं नाही. ती बसली, मी टेकले, आणि गाडी कुरकुरत, अडत, सबंध शेडभर पुढे गेली. बॉनेटखालून सुस्कारे येत होते. जाऊ स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "चहा टाका."

गॅरेजवाला बॅटरी घेऊन आला. गाडी शेडबाहेर कुंपणापाशी घेतली. प्लग न लावताच त्याने स्टार्टर मारला. आमचं इतक्या दिवसांचं तेल त्या भोकांतून कारंज्यासारखं उडालं आणि कुंपणापलीकडे वाळत घातलेल्या शेजारणीच्या पांढऱ्या चादरींवर पडलं. गच्चीवरून शेजारीण म्हणाली, "लागला वाटतं घाट." चादरी मी धुऊन दिल्या. एकीवरचा डाग गेला नाही. ती तिने आमच्याकडेच टाकली, गाडीला पुसायला म्हणून.

नवे प्लग आले, कार्बोरेटर साफ झाला, ताजं पेट्रोल आलं. पहिल्या तीन प्रयत्नांत नुसती खोकली. चौथ्या वेळी पेटली आणि निळ्या धुराने गल्ली भरली. पुतण्या खोकत खोकत हसत होता. जावेने बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. गॅरेजवाला म्हणाला, "मावशी, तापेल." तिने मान हलवली. "तेच तर बघतेय," म्हणाली.

फोटोग्राफर शब्दाला जागला. जावेने त्याला एकच अट घातली, गाडी नेण्याआधी आपलं घरचं सामान आणून द्यायचं. खोली तयार होईपर्यंत ती माझ्या पुढच्या खोलीत राहणार होती. सोमवारी गवंडी शेडची भिंत फोडत होता, आणि आम्ही त्याच गाडीतून तिच्या घरी गेलो. फोटोग्राफर चालवायला, शेजारी जाऊ, मागे मी. पुतण्याने तीन मजल्यांवरून गाद्या, भांडी आणि तिचं शिलाई मशीन खाली आणलं. मशीन माझ्या मांडीला टेकवून ठेवलं. शेवटी दाराला कुलूप लावून जाऊ एकेक पायरी उतरली. मागे वळून पाहिलं नाही तिने.

परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद पडली. फोटोग्राफर कावराबावरा झाला. गाडीत जागा नव्हती म्हणून पुतण्या रिक्षाने मागून येत होता, तो उतरून धावला. मीही उतरले आणि सवयीने पाठीमागे जाऊन अलगद मागेपुढे करायला लागले.

जावेने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, आता डोलवू नका. ढकला. घर आलंय."