सासऱ्यांच्या नळाला आतून अस्तर

सासुरवाडीत हुशारी दाखवू नये, हे लग्नात मला कुणी सांगितलंच नाही हो! मग काय होणार?

शिरपूरजवळ आमच्या सासऱ्यांचा, आबांचा मळा. विहिरीजवळच्या हौदातून घरापर्यंत लोखंडी नळ पुरलेला. तो गंजून जागोजाग गळायला लागला. नवा आणावा तर लढाईचे दिवस, लोखंड दिसेना. मी धुळ्यात कारखान्यात मिस्त्री. छाती फुगवून म्हणालो, "आबा, नळ उकरायचाच नाही. आतून सिमेंटचं अस्तर करू."

"सदऱ्याले अस्तर लावतस, पाव्हना. नळले?"

"बघाच तुम्ही."

युक्ती सोपी. नळातून दोर ओवायचा, त्याला लाकडी गोळा बांधायचा, गोळ्यापुढे पातळ सिमेंट ओतायचं आणि दोर सावकाश ओढायचा. सिमेंट आतून लिंपत जातं. घाई केली, तर गोळा सगळं पुढे ढकलत आणतो.

घराच्या टोकाला सिमेंट ओतायला आबा. हौदाजवळ दोराला बैलजोडी, ती हाकायला मेहुणा भिका. आणि साहेब, म्हणजे मी, नळाच्या हौदाकडच्या तोंडाशी ओणवा. लग्नासाठी राखलेल्या झुपकेदार मिशांसकट!

मी नळातून विचारलं, "आबा, झालं का?"

आबा म्हणाले होते, "वढू नका, गोळा तेढा शे." लांबलचक नळातून माझ्यापर्यंत पोचलं एवढंच, "वढू का?"

मला हसू आलं. दोर इकडे, आबा काय ओढणार? मी नळात तोंड घालून ओरडलो, "तुम्ही नका, ओढेल भिका!"

भिकाने ऐकलं, "ओढ, भिका."

त्याने बैलांच्या शेपट्या पिळल्या. बैल असे सुटले, की मला तोंड बाजूला घ्यायलाही सवड मिळाली नाही. नळाने सगळं सिमेंट माझ्या थोबाडावर ओकून टाकलं.

आबा धावत आले. आधी वाकून नळात बघितलं, मग माझ्याकडे. "नळ कोराच शे. अस्तर तुमलेच लागनं."

सासूबाईंनी काथ्याने तोंड घासलं, पण मिशांतलं सिमेंट काही सुटेना. शेवटी न्हाव्याला बोलावून मिशाच काढाव्या लागल्या. बायको पदरात तोंड लपवून हसत होती.

दुपारी मात्र आम्ही पुन्हा सगळं नीट केलं, बैल सोडून, हाताने ओढत. चार दिवसांनी सिमेंट घट्ट झाल्यावर घरात असं स्वच्छ पाणी आलं म्हणता! आबांनी घोटभर पिऊन मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेजारचे नाना बघायला आले. नळाकडे बघितलं, मला न्याहाळलं आणि विचारलं, "नवा बसाडा का?"

आबा शांतपणे म्हणाले, "नळ जुनाच शे, नाना. जवाई तेवढा बदलना."