अठ्ठ्याण्णवचं पेट्रोल

बाबांनी आयुष्यात एकच चैन केली, ती म्हणजे सेकंड-हँड टर्बो गाडी. मँचेस्टरजवळच्या एका हॉस्पिटलात ते डॉक्टर होते, कामावर चालत जायचे. गाडी लागायची ती आठवड्याच्या भाजीला. पण रविवारी मला शेजारी बसवून ते गावाबाहेरच्या चढावर न्यायचे. टर्बोची शीळ सुरू झाली की स्वतःही शीळ घालायचे.

टाकीत साधं पंचाण्णव ऑक्टेनचं पेट्रोल असायचं. सपाटीवर त्याची तक्रार नव्हती. चढावर तिसऱ्या वळणाला जोर दिला की मात्र इंजिन डब्यात खडे घातल्यासारखं खडखडायचं आणि बाबा मुकाट्याने पाय उचलायचे.

पुढे मला दूर दक्षिणेत, ब्रॅकनेलला नोकरी लागली. पहिल्यांदा घरी आले त्या रविवारी गाडी हूं की चूं न करता वर चढली.

"सुपर भरलंय. महागातलं, अठ्ठ्याण्णव," बाबा म्हणाले.

"म्हणजे पॉवर जास्त?"

"पॉवर नाही गं, धीर जास्त. टर्बो हवा कोंबतो, प्रेशर वाढतं. साधं पेट्रोल तिथे स्पार्कची वाट न बघताच पेटतं, म्हणून ती खडखड. हे थांबतं." मग माझ्याकडे बघून हसले. "तू पंचाण्णवची!"

राग माझ्या नाकावरच असायचा. आमच्याकडे रोज जाडा तांदूळ शिजे आणि आंबेमोहोर पाहुण्यांसाठी ठेवलेला असे, ते मला आठवलं. "मी काय पाहुणी झाले का, बाबा?"

"पाहुणी नाही. माहेरवाशीण."

लग्नाचा पत्ता नसताना माहेरवाशीण! मी मॅनर्स सोडून काहीबाही बोलले. तेव्हापासून मी येणार असले की ते गुपचूप टाकी रिकामी होऊ देत आणि सुपर भरून ठेवत. मीही कळलं नाही असं दाखवी.

शेवटच्या खेपेला मी शनिवारी पोचणार होते, पण शुक्रवारी संध्याकाळी फोन केला. "बाबा, ऑफिसात डेडलाइन आहे. नेक्स्ट वीकेंडला येते, चालेल?"

"चालेल की. माझं काय अडलंय?" ते म्हणाले. मला ते खरंच वाटलं. खरं म्हणजे, वाटून घेतलं.

बुधवारी वॉर्डातच त्यांचं हृदय थांबलं.

तेराव्यानंतर आईने किल्ली हातात दिली. "जरा फिरवून आण. उभी राहून बॅटरी जायची."

मी त्याच रस्त्याला लागले. काटा जवळजवळ भरलेल्या टाकीवर होता. भरलंय काय, ते काट्यावरून कळत नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. देवाचं नाव सहसा न घेणारी मी मनात म्हणत होते, खडखड होऊ दे. साधंच असू दे. त्यांनी वाट पाहिलेली नसू दे.

तिसऱ्या वळणावर मी पाय पूर्ण दाबला. टर्बोने शीळ घातली आणि गाडी एकही ठोका न देता वर चढत गेली.